सर्वांचं तारण होणार असेल, तर जुलमाला नाही का म्हणायचं?

नागपुरातल्या एका मंडळीत (चर्चमध्ये) तरुण संघाचा बायबल अभ्यास घेणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "शेवटी देव सर्वांनाच तारेल, ही आशा मला वचनात दिसते. पण मुलं विचारतात, मग हुकूमशहाही तरणार ना? त्याला विरोध करून मिळवायचं काय? आणि वडीलधारे रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय ("अधिकाऱ्यांच्या अधीन असावे") पुढे करतात, चर्चमध्ये राजकारण नको म्हणतात. शिकवायचं कसं आणि मंडळीने करायचं काय?"

ताई, सलाम. आधी शब्द साफ करून घ्या, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे.

"सर्वांचं तारण" म्हटलं की मुलांच्या डोक्यात येतं ते असं: काहीही करा, शेवटी सगळे पास. हे ख्रिस्ती सार्वत्रिक तारण नव्हे. अमेरिकेतल्या युनिव्हर्सलिस्ट मंडळ्यांमध्ये नेमक्या याच मुद्द्यावर १८३१ मध्ये फूट पडली. होझिया बॅलू यांच्या बाजूचे म्हणत की पापाची शिक्षा याच आयुष्यात भोगून होते, मरणानंतर काही उरत नाही. दुसरा गट म्हणे की मरणानंतर न्याय आहे, शिक्षा आहे आणि ती खरी आहे. पण तिला हेतू आहे, आणि हेतू पुरा झाला की ती संपते. हे स्वतःला पुनःस्थापनावादी म्हणवत. पुढे गुलामगिरीच्या विरोधात आणि अहिंसक प्रतिकाराच्या बाजूने उभे राहिलेले ॲडिन बॅलू या दुसऱ्या गटातले. पहिल्याच बैठकीत फळ्यावर दोन रकाने करा: एकात "न्यायाशिवाय तारण", दुसऱ्यात "न्यायातून तारण". पुढची सगळी चर्चा दुसऱ्या रकान्यात करायची. हे ठरवून घेतलं नाही, तर चौथ्या बैठकीलाही मुलं "मग काय, मजाच आहे" इथेच अडकलेली असतात.

मत्तय २५:४६ आडवं येईल. येऊ द्या, ते लपवून शिकवलं तर विश्वास उडतो. आपल्या पवित्र शास्त्रात तिथे "सार्वकालिक शिक्षा" आणि "सार्वकालिक जीवन" असे शब्द आहेत. दोन्हीकडे मूळ ग्रीक शब्द एकच, आयोनिऑस. तो "आयोन" म्हणजे युग यावरून आला. सार्वत्रिक तारण मानणारे म्हणतात, याचा अर्थ "येणाऱ्या युगाची शिक्षा", तिला अंत नाही असं तो शब्द स्वतःहून सांगत नाही. दाखला म्हणून हबक्कूक ३:६ चं जुनं ग्रीक भाषांतर घ्या: तिथे टेकड्यांना हाच शब्द लावला आहे, आणि त्या टेकड्या देवापुढे वितळतात. यहूदाच्या पत्रात सदोमावर आलेल्या अग्नीला हाच शब्द आहे (वचन ७), तरी यहेज्केल १६:५३-५५ मध्ये देव त्याच सदोमाला पूर्वस्थितीवर आणण्याचं वचन देतो. उलट बाजूचा सर्वांत जड मुद्दा बिशप आणि धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी मांडला: एकाच वाक्यात जीवन अनंत आणि शिक्षा मर्यादित, असं कसं? त्यावर उत्तर असं दिलं जातं की जीवनाचं अविनाशीपण या एका शब्दावर उभं नाही, १ करिंथ १५ सारख्या उताऱ्यांवर उभं आहे. मुलांना दोन्ही बाजू द्या आणि ठरवू द्या. एक मुद्दा मात्र टाळा. "शिक्षा" यासाठीचा ग्रीक शब्द कोलासिस म्हणजे फक्त सुधारणारी शिक्षा, असं हल्ली फार ठासून सांगितलं जातं. ॲरिस्टॉटलने तसा भेद केला होता हे खरं, पण नव्या कराराच्या काळापर्यंत तो पुसट झालेला होता. त्यावर घर बांधू नका.

खरा आधार इतरत्र आहे, आणि भक्कम आहे: रोमकरांस ५:१८ आणि ११:३२, १ करिंथ १५:२२-२८, कलस्सै १:२०, १ तीमथ्य २:४-६. समोर मत्तय २५, २ थेस्सलनी १:९, प्रकटीकरण २०:१०-१५. दोन्ही याद्या एकाच कागदावर लिहून वाटा.

"ही शिकवण आपल्या चर्चला चालते का?" असं कोणीतरी विचारेलच. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया प्रेषितांचा आणि नायसिया मतांगीकार (विश्वासाची जुनी कबुली) मानते. दोन्हींत ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील असं आहे. शिक्षेला अंत नाही असं एकातही नाही. लुथेरन मंडळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीच्या (श्रद्धेच्या जाहीरनाम्याच्या) १७ व्या कलमात शिक्षेला अंत आहे हे मत स्पष्ट नाकारलं आहे. कॅथलिक धर्मशिक्षण नरक अनंत आहे असं सांगतं, पण कोणाचाही नाश होऊ नये अशी प्रार्थना चर्च करते असंही सांगतं, आणि रोझरीत (जपमाळेच्या प्रार्थनेत) सगळ्या आत्म्यांना स्वर्गात ने म्हणून विनवणी होतेच. म्हणून माझा आग्रह: "आशा" हा शब्द वापरा, "सिद्धान्त" नको. विसाव्या शतकातल्या कार्ल बार्थसारख्या मोठ्या धर्मशास्त्रज्ञाने देवाची निवड ख्रिस्तात सर्वांसाठी आहे असं मांडूनही "म्हणून सर्व तरणारच" हे वाक्य उच्चारायला नकार दिला. देवाच्या दयेला आपण बांधून घालू शकत नाही, ना आत, ना बाहेर.

इतिहासातली एक गोष्ट इथे मुलांना फार भावते, ती जपून सांगा. तिसऱ्या शतकातल्या धर्मशिक्षक ओरिगेनच्या या आशेविरुद्ध ५४३ मध्ये फर्मान काढलं ते सम्राट जस्टिनियनने. हाच तो सम्राट, ज्याच्या सैन्याने ५३२ च्या दंग्यात कॉन्स्टँटिनोपलच्या शर्यतीच्या मैदानात सुमारे ३०,००० लोक कापले असं त्या काळचा इतिहासकार लिहितो. एकछत्री सत्तेला अनंत नरक सोयीचा वाटला असेल, हा तर्क चुकीचा नाही. पण सार्वत्रिक आशा फक्त राजकारणाने मारली असं सांगू नका. ऑगस्टीनपाशी तलवार नव्हती, तो वचनावरूनच भांडत होता. आणि तीच आशा धरणारा चौथ्या शतकातला बिशप ग्रेगरी ऑफ निस्सा कधीच पाखंडी ठरला नाही.

ग्रेगरीवर पूर्ण एक बैठक द्या. उपदेशक २:७ मध्ये "मी दासदासी विकत घेतल्या" असं वाचून इ.स. ३८० च्या सुमारास त्याने जो उपदेश केला, तसा प्राचीन काळात दुसऱ्या कोणी केल्याचं दिसत नाही. इतर उपदेशक दासांना नीट वागवा म्हणत. ग्रेगरी विचारतो की देवाच्या प्रतिमेची किंमत तू किती नाण्यांत लावलीस, आणि विकणारा कोण, विकत घेणारा कोण? त्याच्या डोक्यात गुलामगिरीला विरोध आणि सर्वांसाठीची आशा हे दोन विचार वेगळे नव्हते. देवाची प्रतिमा म्हणजे त्याच्या लेखी आदामापासून शेवटच्या माणसापर्यंतची अख्खी मानवजात, आणि ती अख्खीच देवाकडे परतायची आहे. मग तिच्यातला एक तुकडा तोडून त्यावर मालकी कशी सांगायची? मुलांना एवढंच विचारा: ज्याला देव टाकून देत नाही, त्याला यादीतून वगळायचा हक्क राजाला कोणी दिला?

आता रोमकरांस १३. यासाठी एक सोपी कृती आहे, ती तंतोतंत करा. प्रत्येकाच्या शास्त्रात १२ व्या आणि १३ व्या अध्यायाचा मोठा आकडा आणि उपशीर्षकं कागदाच्या अरुंद पट्टीने झाका. अध्यायांचे हे आकडे १३ व्या शतकात पडले, पत्र लिहिणाऱ्या पौलाने घातलेले नाहीत. मग एकाला ११:३२ पासून १३:१० पर्यंत न थांबता मोठ्याने वाचायला सांगा. ही ३६ वचनं आहेत, पाच मिनिटं पुरतात. मधे कोणी काही समजावून सांगायचं नाही.

पट्टी असली की जे ऐकू येतं ते असं. देवाने सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं. मग पौल देवाची स्तुती करतो, आणि लगेच "म्हणून" येतं: म्हणून, देवाच्या करुणेमुळे, तुमची शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या, या युगाशी समरूप होऊ नका. (इथे पुन्हा तोच शब्द, आयोन.) छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, सूड उगवू नका, शत्रूला भूक लागली तर जेवू घाला. आणि या ओघात अधिकाऱ्यांचा विषय निघतो. त्याच्यामागे लगेच पुन्हा: कोणाचं देणं ठेवू नका, प्रीतीचं मात्र असू द्या. म्हणजे "अधीन असावे" हे वाक्य सर्वांवरच्या दयेच्या आणि शेजाऱ्यावरच्या प्रीतीच्या मधोमध बसलं आहे. त्याला तिथून उपटून भिंतीवर टांगलं की त्याचा अर्थ बदलतो.

१३:४ वर बोट ठेवायला सांगा. अधिकारी "तुझ्या हितासाठी देवाचा सेवक" आहे. सेवक म्हटल्यावर दोन गोष्टी आल्या. एक, त्याला मान आहे, कर द्यायचा आहे, अराजक हे ख्रिस्ती ध्येय नाही. दुसरी, सेवकाचं काम मोजता येतं. हिताऐवजी अहित करणाऱ्या सेवकाला मालकाचं नाव घेऊन लपता येत नाही. प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये पेत्र न्यायसभेला "मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे" म्हणतो, ते याच हिशोबाने.

इथे दोन चुका हटकून होतात. काहीजण उत्साहात रोमकरांस १३ रद्द करून टाकतात आणि प्रकटीकरण १३ मधलं श्वापद आजच्या एखाद्या पुढाऱ्याच्या अंगावर चिकटवतात. हे थांबवा. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानासमोर रोम होतं. आणि ज्याला आपण श्वापद म्हटलं, त्याच्यासाठी प्रार्थना करणं आपोआप बंद होतं. त्यांना पुढे न्या: १९:१९ मध्ये पृथ्वीचे राजे घोड्यावर बसलेल्या ख्रिस्ताशी लढायला जमतात आणि हरतात, पण २१:२४ मध्ये "पृथ्वीचे राजे" आपलं वैभव घेऊन नगरीत येताना दिसतात, आणि तिच्या वेशी बंद होत नाहीत. २१:२७ लगेच बजावतं की निषिद्ध काही आत जात नाही. दोन्ही वचनं एकत्र धरली की राजा आत येतो तो मुकुटासह नव्हे, धुऊन निघून. दुसरी चूक वडीलधाऱ्यांकडून होते. अधीनता म्हणजे गप्प बसणं, असं ते धरून चालतात. पेत्र गप्प बसला नाही. फटके खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलला. त्याची अधीनता ती होती.

मुलांच्या मूळ प्रश्नावर, म्हणजे जुलमी माणूस तरला तर न्यायाचं काय, लूक १९ मधला जक्कय हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे. तो केवळ पापी नव्हता, रोमी सत्तेच्या करवसुलीतला मुख्य होता. आकड्यांत वाचा. गणना ५:७ प्रमाणे फसवलेल्याला पूर्ण रक्कम अधिक एक पंचमांश परत द्यायची. म्हणजे १०० रुपये लुबाडले असतील तर १२० परत. जक्कय म्हणतो चौपट, म्हणजे ४००. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर नियमशास्त्रात चौपट भरपाई आहे (निर्गम २२:१), म्हणजे त्याने स्वतःला सरळ चोराच्या रांगेत उभं केलं. शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. आणि मग येशूचे शब्द, "आज या घराला तारण प्राप्त झाले." येशू त्याच्याकडे उतरायला गेला तो आधी, म्हणजे कृपा पहिली. पण ती घरात शिरल्यावर हिशोबाची वही उघडली गेली. मुलांना वहीत हा हिशोब मांडायला लावा: जक्कयाची मालमत्ता १,००० धरा, ५०० गरिबांना, उरलेल्या ५०० मधून चौपट भरपाई, त्याने १२५ पेक्षा जास्त लुबाडलं असेल तर तो कफल्लक. सर्वांच्या तारणाची आशा हुकूमशहाला सोडून देत नाही. उलट त्याला मरूनही सुटता येणार नाही असं ती म्हणते, कारण जोवर त्याच्या वहीतला शेवटचा माणूस त्याच्यासमोर उभा राहत नाही, तोवर त्याचं तारण पुरं होत नाही. १ करिंथ ३:१५ मधलं "अग्नीतून" तारलं जाणं मी तरी असंच वाचतो.

दक्षिण आफ्रिकेचा दाखला द्यायचा असेल तर पूर्ण द्या. वर्णभेदी राजवटीविरुद्ध धर्मशास्त्रज्ञांनी लिहिलेल्या १९८५ च्या कैरोस दस्तऐवजाने तिथल्या चर्चना हेच सुनावलं होतं की न्यायाशिवाय समेट ही खोटी शांती आहे. पुढे आर्चबिशप डेझमंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालच्या, त्या राजवटीतल्या गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाकडे माफीसाठी ७,११२ अर्ज आले, मंजूर झाले ८४९. संपूर्ण सत्य सांगणं ही अट होती. जक्कयाच्या मापाने पाहिलं तर सत्याची बाजू पुष्कळ साधली. भरपाई मात्र उशिरा आणि अपुरी मिळाली.

आता जर्मनीतलं बार्मेन. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मन चर्चमधल्या मोठ्या गटाने त्याला देवाची देणगी ठरवलं. त्याविरुद्ध २९ ते ३१ मे १९३४ ला बार्मेन गावात लुथेरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त मंडळ्यांचे १३९ प्रतिनिधी जमले (त्यांत स्त्री एकच), आणि त्यांनी सहा विधानं मंजूर केली. मसुदा मुख्यतः बार्थचा. पुढे हिटलरच्या निष्ठेची शपथ बिनशर्त घ्यायला नकार दिला म्हणून १९३५ मध्ये त्यालाही बॉनच्या विद्यापीठातून जावं लागलं.

पहिलं विधान योहान १४:६ वर उभं आहे, "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे." आपल्याकडे हे वचन बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या धर्माकडे तोंड करून म्हटलं जातं. बार्मेनमध्ये ते फ्युररकडे, म्हणजे हिटलरकडे, तोंड करून म्हटलं गेलं: ऐकायचं, भरवसा ठेवायचा, आज्ञा पाळायची ती फक्त ख्रिस्ताची, आणखी कोणा नेत्याच्या रूपाने देव बोलतो आहे हे आम्ही नाकारतो. पाचवं विधान म्हणतं की न्याय आणि शांती राखणं हे राज्याचं देवाने नेमलेलं काम आहे, पण मानवी जीवनाची एकमेव आणि संपूर्ण व्यवस्था होणं हे त्याचं काम नाही. आणि सहावं, जे सहसा कोणी वाचत नाही, म्हणतं की चर्चचं काम देवाच्या मोफत कृपेचा संदेश सर्व लोकांना पोचवणं हे आहे.

"सर्व लोकांना" म्हणूनही त्या कागदावर यहुद्यांविषयी एक ओळ नाही. चर्चचं स्वातंत्र्य धोक्यात आलं म्हणून ते उभे राहिले. शेजारच्या घरातून माणूस उचलला जात होता, त्यावर त्या सहा विधानांनी तोंड उघडलं नाही. बार्थने १९६७ मध्ये एका पत्रात ही स्वतःची चूक म्हणून कबूल केली. ही कमतरता लपवून बार्मेन शिकवणं म्हणजे अर्धा धडा शिकवणं.

नागपूरचा धडाही असाच आहे, आणि तो घरचा आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडतर्फे. ते चर्च त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये जन्मलं होतं, कारण मंडळीवर पाळक लादायचा जमीनदारांचा आणि दिवाणी न्यायालयांचा हक्क साडेचारशेहून अधिक पाळकांनी नाकारला. घरं, पगार, चर्चच्या इमारती सोडून ते बाहेर पडले. "चर्चने सत्तेपुढे बोलू नये" ही आपली परंपरा आहे असं म्हणणाऱ्यांना एवढी तारीख पुरते. पण पुढचंही सांगा. याच नव्या चर्चने अमेरिकेतल्या गुलाम बाळगणाऱ्या मंडळ्यांकडून सुमारे तीन हजार पौंड देणगी घेतली. स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४६ मध्ये स्कॉटलंडभर फिरून "ते पैसे परत करा" अशी मोहीम चालवली. पैसे परत गेले नाहीत.

मला जे म्हणायचं आहे ते या दोन प्रसंगांत आहे. विश्वासू माणसं जुलमाविरुद्ध उभी राहतातच, पण बहुतेकदा आपल्या अंगणापुरती. आपली इमारत, आपला पाळक, आपली उपासना. "सर्व" हा शब्द त्यांना अंगणाबाहेर काढतो. कलस्सै १:२० मधलं "सर्व" जर खरं असेल तर ज्या माणसासाठी देव शेवटपर्यंत थांबणार आहे, त्याला आज कोणी उचलून नेत असताना मी "तो आपल्यातला नाही" म्हणू शकत नाही. एकाधिकारशाही चालते ती "आपले" आणि "नको असलेले" अशा दोन याद्यांवर. सार्वत्रिक आशा दुसरी यादीच मानत नाही. अर्थात ही आशा मानणारा प्रत्येकजण लढला असं नाही, आणि लढलेले सगळे ती मानत होते असंही नाही. हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक मार्टिन नीमोलर जवळपास आठ वर्षं कैदेत राहिले, ते काही या शिकवणीमुळे नव्हे. उलट बार्थच्या आधीच्या पिढीतले क्रिस्टोफ ब्लुमहार्ट सर्वांसाठी आशा सांगत सांगतच १८९९ मध्ये कामगारांच्या पक्षात गेले, आणि त्यापायी त्यांना पाळक ही पदवी सोडावी लागली.

आपल्या देशातलं उदाहरण हवं तर आणीबाणी घ्या, २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७. मार थोमा चर्चचे मेट्रोपॉलिटन (प्रमुख बिशप) युहानोन मार थोमा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून विरोध कळवला. ख्रिस्ती विचारवंत एम. एम. थॉमस यांनी लिहीत राहून टीका केली. या दोघांनी स्वतःच्या समाजासाठी सवलत मागितली नाही, सगळ्या नागरिकांच्या हक्कांविषयी ते बोलले. सध्याच्या कोणत्याही पक्षाचं नाव न घेता हा धडा देता येतो, आणि तसाच द्या.

आता मंडळीने करायचं काय. चार बैठका, प्रत्येकी दीड तास, १० ते १४ जण. त्याहून जास्त असतील तर दोन गट करा, नाहीतर बोलणारे तिघेच बोलतात. चौथ्या बैठकीत बार्मेनच्या धाटणीवर स्वतःचं एक विधान लिहायचं. धाटणी अशी: आधी वचन, मग "आम्ही मानतो", मग "आम्ही नाकारतो". साठ शब्दांच्या वर जायचं नाही, वेळ ४० मिनिटं. पहिल्या खर्ड्यात "आम्ही अन्याय नाकारतो" असलं गुळगुळीत वाक्य येईल. ते परत पाठवा आणि विचारा, कोणावरचा अन्याय, कोण करतंय, नाकारणं म्हणजे सोमवारी सकाळी आम्ही काय करणार? दुसऱ्या खर्ड्यात रागाच्या भरात पक्षाचं किंवा पुढाऱ्याचं नाव येईल. ते खोडा आणि कृती लिहायला सांगा, कारण माणसं बदलतात, कृती तीच राहते. तिसरा खर्डा बहुधा नीट उतरतो. शेवटी एक चाचणी: या विधानात ख्रिस्ती नसलेला एक तरी माणूस आहे का? नसेल तर पुन्हा लिहा.

याहून महत्त्वाची रविवारची मध्यस्थीची प्रार्थना. १ तीमथ्य २:१-६ उघडा. राजांसाठी व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा हे दुसरं वचन. सर्व माणसांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा हे चौथं. ख्रिस्ताने सर्वांसाठी स्वतःला दिलं हे सहावं. राजाचं नाव थेट "सर्व" मध्ये घातलं आहे, म्हणजे त्याला तारणाची गरज असलेल्या रांगेत बसवलं आहे. ज्या काळात सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप जाळणं ही निष्ठेची परीक्षा होती, त्या काळात "आम्ही सम्राटापुढे प्रार्थना करत नाही, सम्राटासाठी करतो" हा फरक जिवावर बेतणारा होता. म्हणून क्रम बदला. आपल्याकडच्या कागदावर पहिली ओळ बहुतेकदा "आमच्या नेत्यांना सुबुद्धी दे" अशी असते आणि तीन सेकंदांत संपते. पहिल्यांदा तुरुंगात असलेले, खटल्याविना अडकलेले, घर पाडलं गेलेले येऊ द्या, मग त्यांचे वकील व न्यायाधीश, मग पोलीस आणि अधिकारी, मग सत्तेवर बसलेले, मग आपण स्वतः जिथे गप्प बसलो ते. प्रत्येक ओळीनंतर दहा सेकंद शांतता, घड्याळात बघून. सत्ताधाऱ्यासाठी मागायचं ते "यश" नव्हे. "त्याला सत्य ऐकू येऊ दे, आणि ज्यांना त्याने दुखावलं त्यांच्यासमोर उभं राहण्याचं धैर्य दे", अशी रदबदली करा.

कायद्याचं भान ठेवा. धार्मिक संस्थांच्या गैरवापराविरुद्धचा १९८८ चा कायदा उपासनेच्या जागेत राजकीय कार्य करायला मनाई करतो, आणि त्यातली "राजकीय कार्य" ही व्याख्या रुंद आहे. शास्त्र शिकवणं आणि प्रार्थना करणं ही उपासना आहे. पण मोर्चाची तयारी, सह्यांची मोहीम, निधी गोळा करणं हे चर्चच्या आवारात करू नका; भाड्याच्या सभागृहात, नागरिक म्हणून, चर्चचं लेटरहेड न वापरता करा. धर्माच्या नावावर मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतं. त्यामुळे निवडणुकीच्या दिवसांत व्यासपीठावरून "यांना मत द्या" किंवा "यांना देऊ नका" हे एकही वाक्य नको. डायोसिसला (आपल्या धर्मप्रांताला) परदेशी देणगी येत असेल तर आणखी जपा आणि वकिलाचा सल्ला आधी घ्या. हे भिऊन राहण्यासाठी सांगत नाही. ज्यासाठी बोलायचं ते बोलून झाल्यावर भलत्याच कारणावरून पूर्ण मंडळी अडकली, तर ज्यांच्यासाठी बोललो तेच उघडे पडतात.

आणि एक गोष्ट, जिच्यात सगळ्यात जास्त इजा होते. गटात कोणी असा असेल ज्याच्या घरच्यांवर खरंच जुलूम झाला आहे, तर "देव त्यालाही तारणार, तू क्षमा कर" हे त्याला कधीही म्हणू नका. सर्वांसाठीची आशा हे देवाचं काम आहे, दुखावलेल्याच्या डोक्यावरचं ओझं नाही. त्याला स्तोत्र ९४ किंवा १० मोठ्याने वाचू द्या, रागासकट. वाचून झाल्यावर त्यावर भाष्य न करता त्या दिवसाची बैठक तिथेच थांबवा.

वडीलधाऱ्यांसाठी एक तारीख सुचवतो. २९ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती आपल्याच गावात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन. त्या आठवड्यात उपासनेत रोमकरांस ११:३२ पासून १३:१० हा उतारा सलग वाचायची परवानगी पाळकांकडे आताच मागून ठेवा. वाचन चांगल्या आवाजाच्या एखाद्या वडीलधाऱ्यालाच द्या, शक्यतो ज्यांचा १३ व्या अध्यायावर सगळ्यात जास्त जोर असतो त्यांना. पट्टी लावलेलं शास्त्र आदल्या दिवशी त्यांच्या घरी नेऊन द्या आणि त्यांच्यासोबत बसून एकदा पूर्ण वाचून घ्या.